दत्तक घ्या, पण उंबऱ्याच्या आत

महाराष्ट्रातल्या शहरांत, तालुक्याच्या गावांत आणि मळ्या-वस्त्यांवर राहणाऱ्या सर्वांना एक तातडीची विनंती आहे. येत्या दोन महिन्यांत कुत्र्याचं किंवा मांजराचं एक पिल्लू घरी आणा. विकत घेऊ नका. जवळच्या प्राणी-निवाऱ्यातून किंवा पिल्लांना घरं शोधून देणाऱ्या कार्यकर्त्यांकडून दत्तक घ्या. आणि आणाल ते घरात ठेवायला आणा. गेटपाशी, गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा फार्महाऊसच्या कुंपणाला बांधण्यासाठी नेणार असाल, तर कृपा करून नेऊ नका.

विनंतीच्या पहिल्या भागाला माणसं उत्साहाने येतात आणि दुसऱ्या भागापाशी अडतात. "आधी न्या म्हणता, मग देत नाही म्हणता," असं चिडून बोलतात आणि निघून जातात. निवाऱ्यांचे नियम त्यांना जाचक वाटतात. त्यातला 'बाहेर ठेवायचं नाही' हा नियम तर शहरी लाडाकोडाचा नमुना वाटतो. "कुत्राच आहे ना? मग कुत्रा बाहेरच राहणार." हे वाक्य दत्तक देण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याला रागावून उत्तर देता येत नाही, कारण बोलणारा बहुधा सरळ मनाचा असतो आणि त्याच्या आजोबांच्या अंगणातही कुत्रा असतो. म्हणून हे आवाहन थोडं सविस्तर करत आहोत.

आत्ताच का?

रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षभर पिल्लं होत असली, तरी पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत त्यांचा भर असतो. बांधकामाच्या वाळूत, बंद दुकानाच्या पायरीखाली, सोसायटीच्या जनरेटरमागे आत्ता जी पिल्लं दिसत आहेत, ती या हंगामाची. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांहून अधिक भटकी कुत्री नोंदली गेली. त्यांच्या पिल्लांपैकी कितीतरी गाडीखाली येऊन, उपासमारीने किंवा पार्व्हो या विषाणूजन्य रोगाने पहिल्या काही महिन्यांतच मरतात. जी वाचतात, त्यांतल्या काहींना कुणीतरी उचलून निवाऱ्यात आणून सोडतं.

निवाऱ्यात आल्यावर पिल्लू सुटलं असं समजू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, माणसांच्या चपलांवर महिनोन् महिने तग धरतो. दाटीवाटीच्या जागेत एका पिल्लाला लागण झाली, की शेजारच्या पिंजऱ्यांत ती पसरायला वेळ लागत नाही. शिवाय पिल्लाच्या आयुष्यातला तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ एकदाच येतो. या काळात जी माणसं, जे आवाज, जे वास ओळखीचे होतात, त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, घरभर धावणारी मुलं, काठी टेकत चालणारे आजोबा, दारावरची बेल हे सगळं त्याने याच दिवसांत ऐकायला-बघायला हवं. तो काळ जाळीआड गेला, तर पुढे शिकवता येतं, पण त्याला फार वेळ आणि चिकाटी लागते. आज सहा आठवड्यांचं असलेलं पिल्लू आणखी दोन महिन्यांनी ही संधी घालवून बसलेलं असेल.

त्यात जागेचा प्रश्न बिकट होत चालला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि आगारं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारांतली कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. त्या आदेशावर वाद घालण्याची ही जागा नाही. पण नव्या येणाऱ्या कुत्र्यांना जागा कुठून मिळणार, हा प्रश्न सरळ आहे, आणि त्याचं एक उत्तर तुमच्या घरात आहे. दत्तक गेलेल्या प्रत्येक पिल्लामागे एक पिंजरा मोकळा होतो.

अर्जातला एक प्रश्न

दत्तकाच्या अर्जात बरंच काही विचारलेलं असतं: घर स्वतःचं की भाड्याचं, घरात किती माणसं, सगळ्यांची संमती आहे का, आधी कधी प्राणी पाळला होता का, गावाला गेलात तर कोण बघणार. पण अर्ज वाचणारा अनुभवी माणूस आधी एकच उत्तर शोधतो. रात्री तो कुठे झोपणार?

"बाल्कनीत." "गच्चीवर पत्र्याची शेड आहे, चांगली मोठी." "खाली वॉचमनजवळ." "शेतावर, गडी आहे सांभाळायला." "आम्ही आठवड्याला जातो फार्महाऊसवर, तेव्हा भेटू त्याला."

ही उत्तरं देणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांनी शेडला फरशी घातलेली असते, पंखाही लावलेला असतो. तरी त्यांना नाही म्हणावं लागतं, आणि ते का, हे समजून घ्यायला हवं.

सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद असा: रस्त्यावरचा कुत्रा बाहेरच जगतो, मग आमच्या अंगणात राहायला त्याला काय झालं? फरक एवढाच, की रस्त्यावरचा कुत्रा मोकळा असतो. ऊन सरकलं की तो सरकतो. दुपारी उभ्या गाडीखाली, पावसात दुकानाच्या फळीखाली, थंडीत राखेच्या ढिगात, जिथे बरं वाटेल तिथे तो जातो. भांडण नको असेल तर पळ काढतो. त्याला त्याची टोळी असते, गल्लीतली ओळखीची माणसं असतात. बांधलेल्या कुत्र्याकडून हे सगळं आपण काढून घेतो आणि बदल्यात एक खांब देतो. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी उन्हात असतो, आणि बांधणारा तेव्हा ऑफिसात असतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं; ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. तिथे नुसतं पाण्याचं भांडं पुरत नाही. ते पाणीही तापतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर उलटी गोष्ट: चार महिने ओल, तिच्यामुळे कातडीचे रोग आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. अंगण, गोठा, झुडपं यांत गोचीड भरपूर, आणि गोचिडामुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊन धडधाकट कुत्रा आठवड्याभरात आडवा होतो. रात्री कुंपणापाशी नाग किंवा घोणस आली, तर मोकळा कुत्रा मागे सरू शकतो. साखळीवरचा सरू शकत नाही. दिवाळीत आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री फटाक्यांना घाबरून भिंतीवरून उडी मारणारा बांधलेला कुत्रा साखळीलाच लटकतो. सकाळी आलेले असे फोन पशुवैद्यांना नवे नाहीत.

आणि हे सगळं टळलं, तरी एकटेपणा उरतो. कुत्रा कळपाने राहणारा प्राणी आहे. दिवसातून दोनदा ताट सरकवणारा हात एवढीच त्याची माणसांशी ओळख असेल, तर तो भुंकत राहतो, खड्डे खणतो, स्वतःचे पाय चावतो, आणि शेवटी "हा फार त्रास देतो" म्हणून परत येतो. परत आलेल्या, घाबरट किंवा चिडखोर झालेल्या तरुण कुत्र्याला पुन्हा घर मिळणं किती अवघड असतं, ते निवाऱ्यातल्या कुणालाही विचारा.

बिबट्याच्या मुलखात

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, अकोले, संगमनेर, सिन्नर, निफाड या पट्ट्यातल्या वाचकांसाठी हा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण मांसापैकी ८७ टक्के वाटा माणसाने पाळलेल्या किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा होता ३९ टक्के. शेळ्यांचा वाटाही कुत्र्यांहून पुष्कळ कमी भरला.

याचा अर्थ मळ्यावर राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. रात्री ओट्याबाहेर साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं पान. तो पळू शकत नाही, आणि त्याच्या भुंकण्याने आपण कुठे आहोत हे मात्र सांगत राहतो. एकदा तिथे शिकार मिळाली, की बिबट्या पुन्हा त्याच अंगणात डोकावतो, आणि त्या अंगणात लहान मुलंही असतात. धनगरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ते कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, त्याला मोकळा ठेवतात आणि स्वतः वाड्याशेजारी झोपतात. कुत्रा, मेंढरं आणि माणूस असे तिघं तिथे एकत्र असतात. हल्लीच्या फार्महाऊसवर कुत्रा आणि बिबट्या असे दोघंच उरतात.

ऊसतोड सुरू झाली, की उसात दडलेले बिबटे वस्त्यांकडे सरकतात. या दिवसांत मळ्यावर ज्यांच्याकडे आधीच कुत्रा आहे, त्यांना वेगळी विनंती: रात्री त्याला दाराआत घ्या. पडवीला दार असेल तर पडवीत, गोठा पक्का बंद होत असेल तर गोठ्यात. हे आजपासून करता येईल आणि त्याला एक पैसाही लागणार नाही.

पण मग राखण?

"आम्हाला कुत्रा राखणीसाठीच हवाय," असं स्पष्ट सांगणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मान्य करू. पण राखणीचाच विचार करून बघा. साखळी जितकी लांब, तितकंच त्याचं राज्य. चोराला ते एका नजरेत कळतं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचं रात्रीचं भुंकणं कुणी मनावर घेत नाही, मालकही नाही. उलट घरात झोपणारा कुत्रा दाराच्या कडीचा आवाज तुमच्याआधी ऐकतो, आणि तो उठला की तुम्ही उठता. राखण म्हणजे शेवटी माणसाला जागं करणं. त्यासाठी कुत्रा माणसाजवळ हवा.

बांधलेला कुत्रा चावण्याचा धोकाही जास्त. घाबरलेल्या प्राण्यापुढे दोन वाटा असतात, पळणं किंवा चावणं. साखळीने पहिली वाट बंद केली, की दुसरीच उरते, आणि चावा बहुधा चेंडू आणायला आत आलेल्या पोराला बसतो.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीने, अवाजवी वेळ प्राण्याला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हेही त्यात येतं. मात्र यातला कुठलाही गुन्हा पहिल्यांदा केला, तर दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वी तो दंड जाणवत असेल. आज त्यात दोन वडापाव जेमतेम येतात. म्हणून दत्तक देताना सही करून घेतला जाणारा करार महत्त्वाचा ठरतो. कायदा जिथे पोचत नाही, तिथे तुमचा शब्द पोचावा, एवढीच त्यामागची अपेक्षा.

न्यायालयाचीही अपेक्षा याच दिशेची आहे. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ज्याला पार्किंगमध्ये ठेवलं आहे, तो कुत्रा एक दिवस गेट उघडं दिसलं की निघून जातोच.

नियम कुठून आले

निवाऱ्याचे बाकीचे नियमही आकाशातून पडलेले नाहीत. प्रत्येकामागे परत आलेली पिल्लं आहेत.

घरातल्या सगळ्यांची संमती का? कारण मुलाच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू सासूबाईंना चालत नाही म्हणून चौथ्या दिवशी परत येतं. घरमालकाची परवानगी का? कारण भाडेकरार संपताना पहिल्यांदा कुत्रा अडचण ठरतो. सोसायटीची भीती मात्र बाळगू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे, की सोसायटी ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही.

घर बघायला का येतात? तुमचा सोफा बघायला नव्हे. बाल्कनीच्या गजांत किती अंतर आहे आणि पिल्लाची जागा कुठे असेल, हे बघायला. नसबंदीची अट का? कारण न केलेल्या एका मादीपासून वर्षाला दोनदा पिल्लं होतात आणि ती पुन्हा याच पिंजऱ्यात येतात. 'परस्पर दुसऱ्याला देणार नाही, नको झाल्यास आम्हालाच परत द्या' ही अट का? कारण चौथ्या हातात गेलेल्या पिल्लाचा पत्ता कुणालाच लागत नाही. वाढदिवसाची भेट म्हणून का देत नाहीत? कारण कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो, आणि ती जबाबदारी दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही.

फोटो पाठवा, भेट द्या, असे फोन आले की काहींना संशय घेतल्यासारखं वाटतं. तो संशय नाही. पहिल्या महिन्यात जी अडचण येते, ती वेळेवर कळली तर बहुतेकदा सुटते: चावरं आहे, घरात शी करतं, रात्री रडतं. न कळता राहिली, तर पिल्लू बाल्कनीत जातं, बाल्कनीतून गच्चीवर, आणि गच्चीवरून गल्लीत.

मांजरांबद्दल

"मांजर काय, फिरून येतंच की," हा समजही तितकाच जुना. पण पूर्वीच्या वाड्याच्या कौलांवर फिरणारं मांजर आणि आजच्या बाराव्या मजल्यावरून बाहेर डोकावणारं मांजर यांच्या धोक्यांत फरक आहे. उंचावरून पडून जबडा आणि पाय मोडलेली मांजरं हे शहरातल्या पशुवैद्यांचं नेहमीचं काम. कबुतर दिसलं की मांजराला मजला दिसत नाही. म्हणून खिडक्या-बाल्कनीला जाळी लावल्याशिवाय मांजर दिलं जात नाही, आणि या नियमात सूट मागू नका.

खाली फिरणाऱ्या मांजराला गाड्या, कुत्री, थंडीत इंजिनच्या उबेला बॉनेटखाली शिरणं, आणि बोक्यांच्या मारामाऱ्यांत होणाऱ्या जखमा, गळवं आणि रोग हे सगळं वाट्याला येतं. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. आणि आपल्या परिसरातल्या पक्ष्यांची, खारींची बाजूही कुणीतरी घ्यायला हवी. नसबंदी झालेलं, खेळायला आणि चढायला जागा असलेलं मांजर घरात सुखाने राहतं. जाळीआड बसून खालची वर्दळ बघण्यात त्याचे तास जातात.

निवारा चालवणाऱ्यांनाही विनंती

आता दोन शब्द आपल्याच माणसांना. नियमामागचं कारण न सांगता नुसतं 'नाकारलं' असं कळवणं थांबवा. बरेच अर्ज इंग्रजीत आणि फक्त मोबाइलवर असतात. ते मराठीत, कागदावरही ठेवा. भाडेकरू, एकटी राहणारी बाई, निवृत्त जोडपं, नोकरी करणारे नवरा-बायको, खेड्यातलं कुटुंब यांना सरसकट बाद करू नका. त्यांच्याशी बोला.

मुख्य म्हणजे 'घरात' या शब्दाचा अर्थ फ्लॅटपुरता करू नका. कोकणातल्या कौलारू घराच्या पडवीत, माणसांच्या पायाशी मोकळा झोपणारा आणि रात्री दार लागल्यावर आतच असणारा कुत्रा घरातच आहे. ऊसतोड कामगाराच्या कोपीत त्याच्या पोरांना चिकटून झोपणारा कुत्राही घरातच आहे. उलट तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दिवसरात्र बाल्कनीत कोंडलेला कुत्रा बाहेर आहे. कुत्रा माणसांत आहे का, मोकळा आहे का आणि रात्री सुरक्षित आहे का, एवढं बघा. या तीन गोष्टींवर अजिबात तडजोड नको. बाकीच्या अटींत माणूस बघून वाकायला हरकत नाही. नाही म्हटलेला माणूस पिल्लाशिवाय राहत नाही. तो दुकानातून आणतो किंवा रस्त्यावरून उचलतो, आणि मग त्याला सांगणारं कुणीच नसतं.

तसंच, रस्त्यावर आयुष्य काढलेल्या, नसबंदी आणि लस झालेल्या, गल्लीने सांभाळलेल्या मोठ्या कुत्र्याला ओढून फ्लॅटमध्ये घालण्याचा हट्टही नको. त्याची गल्ली हेच त्याचं घर आहे. दत्तकाची निकड पिल्लांना आहे, आणि अपघातात अधू झालेल्यांना, कुणीतरी पाळून सोडून दिलेल्यांना आहे.

तुम्ही काय कराल

घर आणि घरातली माणसं तयार असतील, तर या आठवड्यात जवळच्या निवाऱ्यात जा. सोबत ओळखपत्र आणि घरातलं किमान आणखी एक माणूस असू द्या. देशी पिल्लू घ्या. ते इथल्या हवेला सरावलेलं असतं आणि जातिवंत म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कुत्र्यांहून काटक असतं. पांढऱ्या-तपकिरी पिल्लांना आधी मागणी असते. काळी पिल्लं आणि माद्या मागे राहतात. तुम्ही त्यांच्याकडे आधी बघा.

आणण्यापूर्वी घर बघून घ्या. फिनाइल, उंदरांचं औषध, गोळ्यांच्या पट्ट्या वर ठेवा. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजरासाठी जीवघेणी आहे. शिजवलेली हाडं, चॉकलेट, कांदा, द्राक्षं देऊ नका. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्होच्या लसी सुरू होतात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची. तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पाळा. लसीचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या जमिनीवर सोडू नका. महापालिका हद्दीत असाल तर कुत्र्याचा परवाना काढा.

कायमचं नेणं शक्य नसेल, तर तीन-चार आठवडे सांभाळायला न्या. त्या काळात एक लस होते, पिल्लू माणसाळतं आणि त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते. तेही शक्य नसेल, तर तुमच्या गल्लीतल्या मादीची नसबंदी करून घ्यायला मदत करा. महापालिकेच्या किंवा संस्थेच्या केंद्राला कळवा, पकडायला आलेल्यांना ती कुठे झोपते ते दाखवा, शस्त्रक्रियेनंतर परत आल्यावर काही दिवस तिच्याकडे लक्ष ठेवा. पुढच्या हिवाळ्यात तिच्या पिल्लांचा प्रश्नच उरणार नाही.

आणि ज्यांच्या घराबाहेर आजही एक कुत्रा बांधलेला आहे, त्यांना तर नवं काही आणायचंच नाही. साखळी सोडा, त्याला आत घ्या. पहिले दोन दिवस तो गोंधळेल, कोपऱ्यात मुतेल, फरशीवर घसरेल. पुसून घ्या आणि ठरल्या वेळी फिरवून आणा. आठवड्या-दोन आठवड्यांत तो शिकेल. देवघराजवळ नको असेल तर स्वयंपाकघर आणि देवघर बंद ठेवा, बाकीचं घर त्याला पुष्कळ आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात आणि ती तसबीर आपण घरातच लावतो. एका खऱ्या कुत्र्याला तेवढीच जागा द्यायला शास्त्राची आडकाठी नाही.

निवाऱ्यात गेल्यावर तुम्हाला तो प्रश्न विचारतील. रात्री तो कुठे झोपणार? उत्तर घरून ठरवून जा, घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवून जा. 'आमच्यात' असं म्हणता येत असेल, तर अर्जातले बाकीचे रकाने भरायला निवाऱ्यातली माणसं स्वतः तुमच्याशेजारी बसतील. येत्या रविवारी या.